टेप बॅकअपला कुठलं सॉफ्टवेअर? आधी रिस्टोअरचं बोलू

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीतलं एक डिझाइन ऑफिस, एक लिनक्स फाइल सर्व्हर, त्यावर साधारण १४ टीबी डेटा म्हणजे कॅड ड्रॉइंग, साइटचे फोटो, टॅलीचे जुने फोल्डर वगैरे. एलटीओ-८ (एलटीओ या टेपच्या प्रकारातली आठवी पिढी) ड्राइव्ह घेऊन झालाय आणि आता डीलर म्हणतोय की सोबत महागडं बॅकअप सॉफ्टवेअर घेतलं नाही तर ड्राइव्ह नीट चालणार नाही. शिवाय कपाटात सहा एलटीओ-५ टेपा पडल्यात, त्या कुणी कशाने लिहिल्या ते आता ऑफिसात कुणालाच माहीत नाही. तर टार (फाइली एका आर्काइव्हमध्ये बांधणारी जुनी कमांड) पुरेल का, बॅक्युला (बॅकअप सॉफ्टवेअर) लावू का, की एलटीएफएस (टेपवरची फाइल सिस्टिम) करून पेन ड्राइव्हसारखं सरळ कॉपी-पेस्ट करू?

मी २००२ पासून हे करतोय, तेव्हा डीडीएसच्या काडेपेटीपेक्षा जराशा मोठ्या २० जीबीच्या टेपा असायच्या आणि तेवढ्यात अख्खं ऑफिस मावायचं. तेव्हापासून आजपर्यंत जेवढे बॅकअप गेलेले बघितले त्यात टेप खराब झाली म्हणून गेलेले अगदी बोटावर मोजण्याइतके, बाकी सगळे माणसाने किंवा स्क्रिप्टने घालवलेले. म्हणून भरवशाचं टूल कुठलं असं कुणी विचारलं की मी आधी उलटं विचारतो, वाचायला काय काय लागेल ते सांगा. समजा सर्व्हर जळाला, तुम्ही गावाला गेलाय, फोन लागत नाही, आणि नवीन लागलेल्या मुलाच्या हातात एक कोरं मशीन, एक ड्राइव्ह आणि टेपचा डबा आहे, तर त्याला फाइल काढता येईल का? लिहिताना कुठलंही सॉफ्टवेअर हिरवा टिक दाखवतं, घोडं पेंड खातं ते वाचताना.

डीलरचं आधी संपवतो. एलटीओ ड्राइव्ह म्हणजे साधं स्कझी (डिस्क, टेप वगैरे जोडायची जुनी प्रमाण पद्धत) डिव्हाइस आहे, लिनक्सच्या कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर कित्येक वर्षांपासून आहे, सॉफ्टवेअर विकत घेतल्याशिवाय चालणार नाही हे खोटं. फक्त ड्राइव्ह साध्या सॅस कार्डाला जोडा, रेड कार्डाला (अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या) जोडून पुढे रडत बसू नका.

आता टार. हे १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासून आहे, नावातच टेप आहे, आणि तेव्हाच्या फाइली आजचं टार वाचतं. तुमच्यासारख्या एका सर्व्हरच्या सेटअपला मी डोळे झाकून टार सांगेन, पण डोळे झाकून वापरायला नाही सांगणार, कारण त्यात चार-पाच खड्डे आहेत आणि मी जवळपास सगळ्यांत पडून आलोय.

पहिला खड्डा डिव्हाइसच्या नावाचा. लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हची दोन नावं दिसतात, एसटी-झिरो आणि एनएसटी-झिरो. पहिल्यावर लिहिलं की काम संपल्यावर टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते, दुसऱ्यावर जिथे आहे तिथेच थांबते. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मी रोज रात्री तीन फोल्डर एकामागे एक एसटी-झिरोवर टाकत होतो, म्हणजे पहिला लिहिला, टेप मागे गेली, दुसरा त्याच्यावर, तिसरा दुसऱ्यावर. सात महिने. लॉगमध्ये तिन्ही यशस्वी, आणि ते खोटंही नव्हतं, तिन्ही खरंच लिहिले जात होते. अकाउंट्सवाल्यांना एक फाइल हवी झाली तेव्हा कळलं की टेपवर फक्त तिसरा फोल्डर आहे. तेव्हापासून कानाला खडा, स्क्रिप्टमध्ये फक्त एनएसटी.

दुसरा खड्डा पाइपचा, म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देण्याचा. एलटीओ-८ चा हाफ हाइट ड्राइव्ह सेकंदाला ३०० एमबीच्या आसपास गिळतो. तेवढा डेटा सतत मिळाला नाही तर तो आधी वेग कमी करतो आणि त्याहून कमी पडलं की थांबतो, टेप मागे घेतो, परत पुढे, परत मागे, आमच्यात याला शू-शाइन म्हणतात कारण बूटपॉलिशवाल्याच्या फडक्यासारखं चालतं, त्यात वेळही जातो आणि टेप नि हेड दोन्ही घासतात. म्हणून मधे एमबफर (डेटा रॅममध्ये साठवून पुढे देणारी छोटी कमांड) लावायचा, त्याला ८ जीबी रॅम द्यायची आणि सांगायचं की ९० टक्के भरल्याशिवाय टेपला हात लावू नको. इथपर्यंत ठीक. पण टार आणि एमबफर पाइपने जोडले की शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम, उदाहरणार्थ बॅश) तुम्हाला शेवटच्या कमांडचा निकाल सांगतो, म्हणजे एमबफरचा, आणि टार मधेच मेलं तरी एमबफर आलं तेवढं लिहून खुशाल शून्य परत करतो. बॅशमध्ये पाइपफेल चालू करणं ही एक ओळ आहे, ती नसेल तर तुमचा सक्सेसचा मेल म्हणजे निव्वळ करमणूक. आणि टारचा निकालही समजून घ्या, शून्य म्हणजे ठीक, १ म्हणजे वाचता वाचता फाइल बदलली वगैरे, २ म्हणजे खरा घोटाळा. चालू सर्व्हरवर १ येतच राहतो, तो नको असेल तर एलव्हीएमचा स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घेऊन त्याच्यावरून टार चालवा. डेटाबेस असेल तर त्याचा डंप (फाइलीत उतरवलेली प्रत) वेगळा काढा, उघड्या डेटाबेसच्या फाइली टेपवर घेणं म्हणजे धावत्या बसचा फोटो काढून बस मिळाली म्हणण्यासारखं आहे.

तिसरं, जीझिप (फाइल दाबून लहान करणारी कमांड) लावू नका. लोकांना वाटतं जागा वाचेल. आख्खं आर्काइव्ह एका दमात जीझिप केलं आणि मधे एक ब्लॉक खराब निघाला की त्याच्या पुढचं सगळं गेल्यात जमा. ड्राइव्हमध्ये स्वतःचं कॉम्प्रेशन असतं, ते ड्राइव्हच्या आतल्या आत चालतं आणि टारला कळतही नाही, तेच चालू ठेवा. साधं टार असेल तर खराब जागा ओलांडून पुढच्या फाइलचं हेडर शोधता येतं. आणि हो, एलटीओ-८ च्या डब्यावर ३० टीबी छापलेलं असतं ते अडीचपट दाबलं जाईल असं धरून, खरी जागा १२ टीबी. साइटच्या फोटोंवर अडीचपट सोडा, एक दशांशही मिळणार नाही, जेपेग आधीच दाबलेलं असतं.

म्हणजे तुमचे १४ टीबी एका टेपेत बसत नाहीत. टारला मल्टिव्हॉल्यूम येतं, पहिली टेप भरली की दुसरी मागतं, पण मी ते टाळतो. सांध्यावरची फाइल अर्धी इकडे अर्धी तिकडे होते, आणि एक टेप हरवली की दुसरीशीही झगडावं लागतं. त्यापेक्षा प्रोजेक्टनुसार फोल्डर वाटा, एका टेपवर दहा-वीस स्वतंत्र टार फाइली, प्रत्येक आपल्या पायावर उभी. थोडी जागा वाया जाते, जाऊ दे.

ब्लॉक साइझचं, म्हणजे टेपवर एका वेळी किती डेटा लिहायचा त्याचं, एक सांगून ठेवतो कारण यावरून मला रात्री अडीचला फोन आलेत. टार आपणहून १० केबीचे ब्लॉक लिहितं, एलटीओला ते फार लहान, म्हणून आपण ५१२ केबी किंवा १ एमबी ठेवतो, तोच आकडा एमबफरलाही द्यायचा आणि ड्राइव्ह व्हेरिएबल ब्लॉकवर (येईल त्या आकाराचा ब्लॉक घेणारा) ठेवायचा. पण वाचताना तो आकडा दिला नाही तर टार म्हणतं ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’, आणि माणूस बिचारा रॅम बदलत बसतो. रॅमला काही झालेलं नसतं, टेपवरचा ब्लॉक मोठा आणि तुम्ही धरलेलं भांडं छोटं. ब्लॉक साइझ टेपच्या डब्यावर मार्करने लिहा.

रोजच्या बदललेल्या फाइलींसाठी ग्नू टारमध्ये लिस्टेड-इन्क्रिमेंटल आहे, चांगलं आहे, पण ते रिस्टोअर करताना आर्काइव्हमध्ये नसलेल्या फाइली फोल्डरमधून उडवतं, कारण त्याचा हेतूच त्या दिवशी जसं होतं तसं करणं हा आहे. म्हणून रिस्टोअर कायम रिकाम्या फोल्डरमध्ये, चालू डेटावर कधीच नाही.

टार विरुद्ध डंप विरुद्ध सीपीआयओ (दोन्ही बॅकअपच्या जुन्या कमांड) ही भांडणं फार जुनी. १९९१ मध्ये एलिझाबेथ झ्विकी यांनी सिस्टिम अॅडमिन लोकांच्या लिसा कॉन्फरन्समध्ये या सगळ्यांचा छळ करून बघितला होता, म्हणजे मुद्दाम वाकडी नावं, लांबलचक पाथ, मधे भोकं असलेल्या फाइली, बॅकअप चालू असताना बदलणाऱ्या फाइली, आणि त्यात त्या वेळी डंप सगळ्यांत चांगलं ठरलं. तो निकाल आज तसाच्या तसा घेऊ नका, लिनक्सवर कर्नल २.४ च्या वेळेला, २००१ मध्ये, खुद्द लिनक्सचे जनक टॉरवाल्ड्सनी सांगितलं होतं की माउंट केलेल्या (वापरात असलेल्या) डिस्कवर डंप भरवशाचं नाही, आणि मधल्या काळात टारही खूप सुधारलं. निकाल विसरा, पद्धत मात्र घ्या, कारण टूल निवडायची याहून चांगली पद्धत मला अजून सापडलेली नाही. एक छळ-फोल्डर बनवा आणि ज्याचा विचार चाललाय त्या प्रत्येक टूलने तो टेपवर टाकून परत काढा.

आपल्याकडे त्या फोल्डरमध्ये मराठी नावाच्या फाइली हव्यातच. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये ३ बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटी धरून, आणि लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. जुन्या टार फॉरमॅटमध्ये नावाला १०० बाइटच होते, म्हणजे ३३ चिन्हं, ‘सुधारित अंतिम ड्रॉइंग दुसरी प्रत’ एवढ्यातच संपलं. टारच्या ग्नू आणि पॅक्स फॉरमॅटला ही अडचण नाही, पण कुणी यूस्टार या जुन्या फॉरमॅटवर सेट करून ठेवलं असेल तर फटका बसतो, आणि त्यात एका फाइलला ८ जीबीची मर्यादाही आहे. अजून एक गंमत, ‘ऱ’ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं, एक अखंड आणि एक र ला खाली नुक्ता जोडून, दिसायला सेम पण बाइट वेगळे, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये ‘कोऱ्या पावत्या’ नावाच्या दोन फाइली राहू शकतात. टेपवरून परत येताना दोन्ही आल्या का ते बघा. एका ठिकाणी विकतच्या सॉफ्टवेअरने दोनातली एक गिळली होती, कंपनीचं नाव घेत नाही, पण डेमोतच सापडलं म्हणून वाचलो.

एलटीएफएस. हे २०१० मध्ये एलटीओ-५ बरोबर आलं, टेपचे दोन भाग करतं, एकात इंडेक्स आणि दुसऱ्यात डेटा, आणि मग टेप खरंच ड्राइव्हसारखी माउंट होते. व्हिडिओवाल्यांना हे सोन्यासारखं आहे, मोठ्या फाइली, कमी संख्येने, आणि दुसऱ्या स्टुडिओला टेप पाठवली तर तोही उघडू शकतो. पण तुमच्याकडे लाखो छोट्या ड्रॉइंग फाइली आहेत. त्यात फाइलचा मालक, ग्रुप, परवानग्या नीट राहत नाहीत. डिलीट केलं तरी जागा परत मिळत नाही, पूर्ण फॉरमॅट केल्यावरच मिळते. इंडेक्स लिहायच्या आधी लाइट गेली तर दुरुस्तीचं टूल चालवून देव पाण्यात ठेवून बसावं लागतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते पेन ड्राइव्हसारखं दिसतं, मग ऑफिसमधला कुणीतरी फोटोंचा फोल्डर उघडतो, मशीन प्रत्येक फोटोची छोटी आकृती बनवायला निघतं, आणि टेप जवळजवळ एक किलोमीटर लांबीवर इकडून तिकडे पळत सुटते. वापरायचंच असेल तर प्रोजेक्ट आधी टार करून ती टार फाइल एलटीएफएसवर ठेवा, मी दोन ठिकाणी असं केलंय, बरं चालतं.

अमांडा (हेही बॅकअप सॉफ्टवेअर) आणि बॅक्युला कधी? मशीन चार-पाचच्या वर गेली, किंवा आपोआप टेप बदलणारा ऑटोलोडर आला की टारची स्क्रिप्ट सांभाळणं नकोसं होतं, तेव्हा. अमांडा मेरीलँड विद्यापीठात सुरू झालेलं, जुनं आहे, दिसायला ओबडधोबड, पण त्याचं एक मला फार आवडतं. टेपवर प्रत्येक बॅकअपच्या आधी ३२ केबीचं हेडर असतं आणि त्यात वाचता येईल अशा साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं की हा डेटा काढायला कुठली कमांड चालवायची. म्हणजे अमांडा नसली तरी डीडी (टेपवरून कच्चा डेटा उतरवणारी कमांड) आणि टारने काम होतं. मघाच्या त्या नवीन मुलासाठी यापेक्षा मोठी सोय नाही.

बॅक्युला २००० मध्ये सुरू झालं, बॅरिऑस ही त्याचीच फुटून निघालेली शाखा, दोन्ही ताकदवान. कुठली फाइल कुठल्या टेपवर कुठल्या तारखेची, हे सगळं कॅटलॉग नावाच्या डेटाबेसमध्ये राहतं, त्यामुळे एक फाइल काढणं दोन मिनिटांचं काम. पण टेपवरचा फॉरमॅट त्याचा स्वतःचा, टारला वाचता येत नाही. कॅटलॉग त्याच सर्व्हरवर असेल आणि तोच सर्व्हर गेला तर बॅक्युलाचं बीस्कॅन हे टूल लावून टेपा वाचत नवीन कॅटलॉग बनवायचा, १२ टीबीची एक भरलेली टेप पूर्ण वेगानेही ११ तास घेते, हिशोब तुम्हीच करा. म्हणून रोज शेवटचं काम म्हणजे कॅटलॉगचा डंप टेपवर आणि बूटस्ट्रॅप फाइल (काय कुठल्या टेपवर आहे ते सांगणारी) दुसऱ्या मशीनवर. सुरू करायच्या आधी बॅक्युलाच्याच बीटेपची टेस्ट चालवा, ती ड्राइव्हवर लिहून, मागेपुढे जाऊन, पुढे जोडून सगळं तपासते. आणि व्हॉल्यूम रिटेन्शन बघा, आपणहून ते ३६५ दिवस असतं, त्यानंतर ती टेप परत वापरायला मोकळी धरली जाते. कंपनी कायद्यात हिशोबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं ठेवायची आहेत, तर अकाउंट्सच्या टेपांचा पूल वेगळा करा आणि भरलेल्या टेपेची लाल खिट्टी (टेपवर लिहिणं बंद करणारी) सरकवून ठेवा, सॉफ्टवेअर कितीही हुशार असलं तरी ती खिट्टी त्याला ओलांडता येत नाही.

विकतच्या सॉफ्टवेअरला माझा विरोध नाही, विंडोज आणि व्हर्च्युअल मशीन जास्त असतील तर तेच बरं पडतं. फक्त डीलरकडून दोन गोष्टी लेखी घ्या, लायसन्स संपल्यावर रिस्टोअर चालू राहतं का, आणि आजची टेप पाच वर्षांनंतरच्या आवृत्तीत उघडेल का. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

तपासणीबद्दल. ड्राइव्ह लिहितानाच मागच्या हेडने वाचून बघतो, त्यामुळे टेपवर नीट उमटलं याची खात्री तो देतो, पण तुम्ही त्याला योग्य डेटा दिला का हे त्याला काय माहीत. लिहून झालं की टेप मागे घ्या, एमटीने (टेप पुढेमागे नेणारी कमांड) हव्या त्या फाइलवर जा आणि टारचं कम्पेअर चालवा, स्नॅपशॉटशी. शिवाय दर महिन्याला दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या माणसाकडून, चिठ्ठी टाकून निवडलेला एक प्रोजेक्ट काढून ड्रॉइंग उघडून बघायचं. गिटलॅबचं (प्रोग्रॅमचा कोड ठेवायची वेबसाइट) ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण आठवतं का, पाच वेगवेगळ्या पद्धतींनी बॅकअप नि रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर चालू प्रत) होतं आणि वेळ आली तेव्हा पाचातलं एकही नीट चालत नव्हतं, सुमारे सहा तासांचा डेटा गेला, आणि ती काही नवशिकी मंडळी नव्हती. उलट फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या एका सॉफ्टवेअर बगने काही लोकांचे मेल उडाले, डिस्कवरच्या सगळ्या प्रतींवर बगने हात मारलेला, तेव्हा गुगलने ते टेपवरून परत आणले, कारण टेप कपाटात होती आणि बगचा हात तिथवर पोचत नव्हता. रॅन्समवेअरचंही तेच. म्हणून ड्राइव्हमध्ये टेप लावून घरी जायचं नाही, काम झालं की बाहेर काढायची, आणि दोन संच ठेवून एक दुसऱ्या इमारतीत.

ठेवायची जागा थंड आणि कोरडी, लांबच्या साठवणीला १६ ते २५ अंश आणि आर्द्रता २० ते ५० टक्के असं साधारण सांगतात. पुण्यात हिवाळ्यात ठीक, पावसाळ्यात नाही, आणि कोकणात तर विचारूच नका. रत्नागिरीकडच्या एका ऑफिसात टेपा लोखंडी कपाटात तळाला, वर फाइलींचे गठ्ठे, जुलैत उघडलं तर डब्यांवर बुरशी. हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि टेप दुसरीकडून आणली की एक दिवस ड्राइव्हच्या खोलीत नुसती ठेवा, मगच लावा. क्लीनिंग टेप ड्राइव्हने मागितली तरच, दर सोमवारी पूजा केल्यासारखी नको.

तर तुमच्यासाठी, टार आणि एमबफर, १ एमबी ब्लॉक, ड्राइव्हचं कॉम्प्रेशन, प्रोजेक्टनुसार वेगळ्या टार फाइली, प्रत्येक टेपची यादी चेकसमसकट (फाइल बदलली नाही ना ते तपासायचा आकडा) साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आणि तिची छापील प्रत डब्यात. मशीन वाढली की अमांडा किंवा बॅरिऑस बघू.

राहिल्या त्या सहा एलटीओ-५ टेपा. त्या तुमच्या ड्राइव्हमध्ये वाचल्या जाणार नाहीत. एलटीओ-७ पर्यंत ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचायचा, ८ पासून ते बंद झालं, तो फक्त ७ आणि ८ वाचतो. त्यामुळे एलटीओ-५, ६ किंवा ७ चा ड्राइव्ह आठवडाभर भाड्याने किंवा ओळखीत मागून आणा. टेप आत घालायच्या आधी लाल खिट्टी बंद करा, सहाही टेपांची. मग डीडीला २ एमबीचा ब्लॉक देऊन पहिला एकच ब्लॉक डिस्कवर उतरवा आणि त्याच्यावर ‘फाइल’ नावाची, प्रकार ओळखणारी कमांड चालवा. टार असेल तर ती सरळ टार आर्काइव्ह म्हणून सांगेल. अमांडा असेल तर सुरुवातीलाच वाचता येणारं इंग्रजी दिसेल, एलटीएफएस असेल तर लेबलमध्ये तसं नाव असतं. आणि सुरुवातीच्या काही बाइटमध्ये बीबी०२ दिसलं तर ती बॅक्युलाची किंवा बॅरिऑसची टेप आहे, तिला टारने हात लावत बसू नका, तेवढा पहिला ब्लॉक जपून ठेवा आणि मला कळवा, बॅक्युलाच्या बीएक्सट्रॅक्ट टूलने बिनकॅटलॉगचं कसं काढायचं ते सांगतो.